एका नेटवरून मेल जातो, दुसऱ्यावरून जात नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपनीचा, कॉलेजचा किंवा स्वतःच्या डोमेनचा मेल जे आउटलुक, थंडरबर्ड, ॲपल मेल किंवा फोनवरच्या मेल ॲपमधून वापरतात, त्यांच्यासाठी हे पान आहे. ब्राउझरमध्ये जीमेल उघडून काम करणाऱ्यांना यातलं बरंचसं लागू होत नाही. ते का, याचंही उत्तर खाली दिलं आहे.

प्रश्न: घरून मेल व्यवस्थित जातो. लॅपटॉप तोच, सेटिंग तीच, पण दुसऱ्या नेटवर गेलं की मेल आउटबॉक्समध्येच पडून राहतो. येणारे मेल मात्र सगळीकडे येतात. असं का?

कारण येणारा आणि जाणारा मेल एका वाटेने जातच नाहीत. आलेले मेल वाचण्यासाठी तुमचं ॲप आयमॅप किंवा पॉप वापरतं. त्यात पहिल्यापासून युजरनेम-पासवर्ड लागतो, त्यामुळे ते कुठल्याही नेटवरून चालतं. पाठवण्यासाठी एसएमटीपी हा वेगळा प्रोटोकॉल असतो, त्याचा सर्व्हर वेगळा असू शकतो आणि पोर्ट (सर्व्हरमध्ये शिरायचं क्रमांकाचं दार) तर वेगळं असतंच.

एसएमटीपीचा पहिला आराखडा ऑगस्ट १९८२ चा. तेव्हा नेटवर्कवर विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, सगळे एकमेकांना ओळखत. नाक्यावरच्या टपालपेटीत पत्र टाकताना जसं कुणी ओळखपत्र मागत नाही, तसा हा कारभार होता. पुढे स्पॅमवाल्यांनी त्याचा फायदा घेतला. मग सर्व्हर चालवणाऱ्यांनी ‘आमच्या नेटवर्कवरून आलात तरच तुमचा मेल पुढे पाठवू’ असा नियम केला. म्हणजे ओळख माणसाची नव्हती, जोडणीची होती. जोडणी बदलली की ओळख गेली. पासवर्ड देऊन मेल पाठवण्याची पद्धत १९९९ साली प्रमाणित झाली, पण जुन्या पद्धतीने भरलेल्या सेटिंग अजूनही कितीतरी कॉम्प्युटरवर तशाच आहेत. घरी चालतं म्हणून कुणी त्यांना हात लावलेला नसतो.

त्यात भर म्हणून बऱ्याच इंटरनेट कंपन्या घरगुती ग्राहकांसाठी बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद ठेवतात. व्हायरस शिरलेले कॉम्प्युटर मालकाच्या नकळत लाखोंनी स्पॅम पाठवत असत, ते थांबवायला हा उपाय होता आणि तो योग्यच आहे. तुमचं ॲप अजून २५ वरून पाठवायचा प्रयत्न करत असेल, तर एका कंपनीच्या नेटवर मेल जाईल आणि दुसरीच्या नेटवर अडकेल.

प्रश्न: मग सेटिंगमध्ये नेमकं काय हवं?

तीन गोष्टी हव्यात. तुमच्या मेल कंपनीचा एसएमटीपी सर्व्हर, पोर्ट ५८७ किंवा ४६५, आणि पाठवण्यासाठीसुद्धा युजरनेम-पासवर्ड. या तीन जागेवर असल्या की घरचं फायबर, ऑफिसचं नेट, मोबाइल डेटा यात सेटिंग बदलावी लागत नाही. ‘घरी असताना ही, ऑफिसात ती’ असं कुणी लिहून दिलं असेल तर तो कागद फेकून द्या.

५८७ हे पोर्ट डिसेंबर १९९८ मध्ये खास यासाठीच वेगळं काढलं गेलं: २५ सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीला, ५८७ तुमच्या-आमच्यासारख्यांना मेल सोपवायला. ५८७ वर बोलणं साध्या रूपात सुरू होतं आणि मग ‘स्टार्ट-टीएलएस’ म्हणून कुलूपबंद होतं. ४६५ वर पहिल्या क्षणापासूनच कुलूपबंद असतं. ४६५ चा इतिहास जरा गमतीचा आहे. १९९७ साली ते पोर्ट या कामाला दिलं, पुढच्याच वर्षी काढून घेतलं, तरी लोक वापरतच राहिले आणि अखेर जानेवारी २०१८ च्या आराखड्याने त्याला रीतसर मान्यता दिली. त्यामुळे ‘४६५ जुनं झालं, वापरू नका’ असं सांगणारी पानं स्वतःच जुनी झाली आहेत.

जीमेल, याहू आणि झोहोवर दोन्ही पोर्ट चालतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि ॲपलच्या आयक्लाउडसाठी ५८७ घ्या, तिथे ४६५ टाकून बसलात तर नुसती वाट पाहाल. लोक हमखास चुकतात ती जागा म्हणजे पोर्ट आणि एन्क्रिप्शन (म्हणजे हे कुलूप) यांची जोडी. ५८७ सोबत स्टार्ट-टीएलएस, ४६५ सोबत एसएसएल/टीएलएस. उलटसुलट केलं की ॲप बराच वेळ गोल फिरतं आणि ‘टाइम-आउट’ म्हणून हात वर करतं. त्यावरून माणसाला वाटतं नेटच बंद आहे.

प्रश्न: या सेटिंग सापडतात कुठे?

जुन्या आउटलुकमध्ये फाइल, अकाउंट सेटिंग्ज, खातं निवडून चेंज, मग मोअर सेटिंग्ज. तिथल्या ‘आउटगोइंग सर्व्हर’ टॅबवर सर्व्हरला ऑथेंटिकेशन (युजरनेम-पासवर्डची पडताळणी) लागतं असं सांगणारी एक चौकट असते. ती रिकामी असणं हे या सगळ्या तक्रारींचं सर्वांत मोठं कारण. त्यात टिक करा आणि खालचा ‘येणाऱ्या सर्व्हरचीच सेटिंग वापरा’ हा पर्याय ठेवा. पोर्ट शेजारच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर मिळेल. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्जच्या डावीकडच्या यादीत अगदी तळाशी ‘आउटगोइंग सर्व्हर’ असतो, बरेच जण तिथपर्यंत स्क्रोलच करत नाहीत.

आयफोनवर खात्याच्या तपशिलात ‘एसएमटीपी’वर टॅप केलं की एक मुख्य सर्व्हर आणि त्याखाली इतर खात्यांचे सर्व्हर दिसतात. हे नीट बघा. मुख्य सर्व्हरने नाही म्हटलं आणि इतरांपैकी एखादा चालू असला, तर फोन त्यावरून मेल पाठवायला बघतो. मग कंपनीच्या पत्त्याचा मेल घरच्या खात्याच्या सर्व्हरवरून जातो आणि समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतो. नको ते सर्व्हर बंद करून ठेवा.

अँड्रॉइडच्या जीमेल ॲपमध्ये कंपनीचं खातं जोडलं असेल तर त्याच्या आउटगोइंग सेटिंगमध्ये ‘साइन-इन आवश्यक’ चालू हवं.

विंडोजवरचं नवं आउटलुक जरा वेगळं आहे. त्यात बाहेरचं आयमॅप खातं जोडलं की मेल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरमार्गे फिरतो, तुमच्या लॅपटॉपवरून थेट नाही. त्यामुळे जोडणी बदलल्याचा परिणाम तिथे फारसा होत नाही.

प्रश्न: दोष सेटिंगचा, नेटचा की मेल कंपनीचा, हे पटकन कसं ओळखायचं?

मोबाइलचं हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्यावर जोडा आणि तोच मेल पुन्हा पाठवा. गेला, तर आधीच्या जोडणीत किंवा त्या जोडणीच्या आयपी पत्त्यात (इंटरनेटवर तिला ओळखायच्या क्रमांकात) काहीतरी आहे. नाही गेला, तर सेटिंग, पासवर्ड किंवा सर्व्हर यापैकी काहीतरी. मग ब्राउझरमधून वेबमेल उघडून पाठवून बघा. तिथूनही जात नसेल तर तुमच्या नेटचा काही संबंध नाही, खात्यावरच मर्यादा आली आहे किंवा जागा भरली आहे.

हॉटस्पॉट लावताना फोन स्वतः त्याच वायफायवर तर नाही ना, हे बघा. काही फोन वायफायच पुढे वाटतात आणि तपासणी फुकट जाते.

थोडं खोलात जायचं असेल तर विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा आहे. रोमन लिपीत ती लिहून पुढे सर्व्हरचं नाव आणि ‘-पोर्ट ५८७’ टाका, आकडे अर्थातच इंग्रजी. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर वाट मोकळी आहे, ‘फॉल्स’ आलं तर मध्ये कुणीतरी दार लावलंय. हेच ४६५ आणि २५ साठी करून बघा. २५ ला फॉल्स आणि ५८७ ला ट्रू असेल तर निदान झालं. टेलनेट वापरा असं जुनी पानं सांगतात, पण विंडोजमध्ये ते आता मुळात सुरू नसतं.

प्रश्न: व्हॉट्सॲप चालतं, यूट्यूब चालतं, जीमेलचे मेलही जातात. मग ऑफिसचाच का नाही?

जीमेलचं ॲप स्वतःच्या खात्यासाठी एसएमटीपी वापरत नाही. ते वेबसाइटसारखंच पोर्ट ४४३ वरून गूगलशी बोलतं, आणि ४४३ बंद केलं तर इंटरनेटच बंद पडल्यासारखं होईल, म्हणून ते सगळीकडे उघडं असतं. तुमच्या ऑफिसचं खातं ५८७ मागतं आणि कडक नेटवर्कवर ते बंद असू शकतं. ‘नेट तर चालू आहे’ हा निष्कर्ष म्हणूनच अपुरा आहे. घाईची वेळ असेल तर वेबमेल उघडा, तोही ४४३ वरूनच जातो.

प्रश्न: मोबाइल डेटावर मेल जातो, पण फक्त घरच्या वायफायवर जात नाही. कालपर्यंत जात होता. सेटिंगला हातही लावलेला नाही.

हा प्रश्न सर्वांत फसवा आहे, कारण दोष वायफायचा वाटतो आणि लोक राउटर बदलून मोकळे होतात.

बहुतेक होस्टिंग सर्व्हरवर (तुमच्या डोमेनचा मेल आणि वेबसाइट सांभाळणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर) चुकीचे पासवर्ड मोजणारा एक प्रोग्रॅम असतो, फेल-टू-बॅन किंवा सीपॅनेलवरचा सीपीहल्क यासारखा. एकाच आयपी पत्त्यावरून ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड आला की तो पत्ता काही काळासाठी अडवला जातो. आता घरात काय घडतं बघा. तुम्ही मेलचा पासवर्ड बदलला, लॅपटॉपवर आणि रोजच्या फोनवर नवा टाकला. पण कपाटातला जुना टॅबलेट किंवा मुलांना खेळायला दिलेला जुना फोन अजून त्याच खात्याला जुन्या पासवर्डने दर काही मिनिटांनी हाका मारतोय. सर्व्हरला दिसतो तो तुमच्या घराचा एकच बाहेरचा पत्ता. तो अडवला जातो आणि घरातल्या सगळ्यांचा मेल थांबतो.

ओळखायची खूण सोपी आहे. त्या वायफायवर तुमच्या स्वतःच्या कंपनीची वेबसाइट उघडते का ते बघा. मेल आणि वेबसाइट एकाच होस्टिंगवर असतील आणि बाकीचं सगळं इंटरनेट चालू असताना नेमकी हीच साइट उघडत नसेल, मोबाइल डेटावर मात्र उघडत असेल, तर तुमचा पत्ता फायरवॉलने अडवलाय. अशा वेळी येणारे मेलही थांबलेले असतात, हाही धागा लक्षात ठेवा.

राउटर बंद-चालू केला की कधीकधी नवा पत्ता मिळतो आणि मेल सुरू होतो. लोक खूश होतात. तो टॅबलेट चार्जिंगला असेल तर संध्याकाळपर्यंत पुन्हा तेच. आधी ते जुनं उपकरण शोधा, त्यावरचं खातं काढा आणि मगच होस्टिंगवाल्याला पत्ता मोकळा करायला सांगा. आपला बाहेरचा पत्ता ‘व्हॉट इज माय आयपी’ असं शोधल्यावर दिसतो, तो त्यांना कळवायला लागेल.

प्रश्न: घरात असं कुठलंच जुनं उपकरण नाही. तरी पत्ता अडवलाय म्हणतात.

मग शेजाऱ्याची करणी असू शकते, अगदी शब्दशः. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते अपुरे पडतात, म्हणून मोबाइल कंपन्या आणि बरेच केबल-फायबरवाले अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. राउटरच्या पानावर ‘वॅन’ (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसत असेल तर तुम्ही अशा सामायिक पत्त्यामागे आहात. त्या पत्त्यावरच्या कुणाच्याही कॉम्प्युटरमधला व्हायरस तुम्हाला भोवू शकतो. उपाय दोन: नेटवाल्याकडून महिन्याचे पैसे भरून स्थिर पत्ता घेणं, किंवा होस्टिंगवाल्याकडून पासवर्ड देऊन आलेल्यांना पत्त्यावरून न अडवण्याची सोय करून घेणं. घरगुती वापरासाठी स्थिर पत्त्याचे पैसे भरायची मला तरी गरज दिसत नाही.

प्रश्न: मेल परत आला आणि त्यात ‘स्पॅमहाउस पीबीएल’ लिहिलंय. मी तर स्पॅम पाठवलेला नाही!

स्पॅमहाउस ही स्पॅम रोखण्यासाठी आयपी पत्त्यांच्या याद्या ठेवणारी संस्था, आणि पीबीएल ही तिची एक यादी. पण ती गुन्हेगारांची यादी नाही. घरगुती आणि बदलत्या आयपी पत्त्यांनी मध्ये मेल सर्व्हर न ठेवता थेट मेल पाठवू नये, एवढंच ती सांगते. तुमचा पत्ता त्यात असणं स्वाभाविक आहे आणि तो काढून घ्यायच्या मागे लागू नका. तुमचं ॲप पासवर्ड न देता पोर्ट २५ वरून पाठवतंय, असा त्याचा अर्थ बहुधा असतो. पासवर्ड आणि ५८७ लावा, यादीचा प्रश्न उरणार नाही. ते लावूनही हाच निरोप आला तर तुमच्या मेल सर्व्हरची रचना चुकली आहे: तो पासवर्ड विचारण्याआधीच यादी तपासतोय. हे त्यांनी दुरुस्त करायचं, तुम्ही नाही.

प्रश्न: आमच्या नेटवाल्याचा स्वतःचा एसएमटीपी सर्व्हर आहे. तोच घातला तर?

डायल-अपच्या दिवसांत हाच रिवाज होता. आता नको. नेट बदललं की तो सर्व्हर तुम्हाला ‘रिलेइंग डिनाइड’ म्हणणार, म्हणजे ‘तुम्ही आमचे नव्हेत’. शिवाय आज डोमेनचा मालक एसपीएफ नावाच्या नोंदीत जाहीर करतो की आमच्या नावाने मेल कुठल्या सर्व्हरवरून येतील. नेटवाल्याचा सर्व्हर त्या यादीत नसतो. मग मेल गेल्यासारखा दिसतो, पण समोर स्पॅममध्ये पडतो किंवा नाकारला जातो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू या बाबतीत जास्तच कडक झाले आहेत. एसपीएफ तुमच्या लॅपटॉपचा पत्ता बघत नाही, शेवटचा सर्व्हर बघतं. म्हणून स्वतःच्या मेल कंपनीचा सर्व्हर वापरलात तर तुम्ही कोल्हापुरात आहात की कुवेतमध्ये, याने फरक पडत नाही.

प्रश्न: हॉटेल, विमानतळ, रेल्वे स्टेशन इथल्या वायफायवर मेल अडकतो.

आधी ब्राउझर उघडा. अशा ठिकाणी मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकल्याशिवाय नेट सुरू होत नाही. आपल्याकडे रेल्वे स्टेशनांवरचं वायफाय जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालं, तेही असंच ओटीपीने चालतं. मेल ॲपला ते लॉगिनचं पान दाखवता येत नाही, ते नुसतंच ‘सर्व्हर सापडला नाही’ म्हणतं.

याच वेळी ‘सर्टिफिकेट जुळत नाही, पुढे जायचं का?’ असा इशारा आला तर ‘हो’ म्हणू नका. कुणीतरी मध्ये बसून तुमची जोडणी स्वतःकडे वळवतंय. बहुतेकदा ते बिचारं लॉगिनचं पानच असतं, पण बहुतेकदा म्हणजे नेहमी नव्हे आणि पासवर्ड तर जायचा तो जातोच. लॉगिन करून पुन्हा बघा. तरी इशारा आला तर मोबाइल डेटा वापरा. अपवाद एकच: लॅपटॉपची तारीख चुकलेली असेल तर खरं सर्टिफिकेटही खोटं वाटतं. मदरबोर्डवरचा सेल संपलेल्या जुन्या लॅपटॉपवर हे घडतं, पण ते सगळ्याच नेटवर घडेल.

काही ठिकाणची जुनी फायरवॉल एसएमटीपीचं बोलणं वाचून त्यातला ‘स्टार्ट-टीएलएस’ हा शब्दच पुसून टाकते. सर्व्हरच्या स्वागताच्या ओळीत नावाऐवजी नुसत्या फुल्या दिसल्या तर हाच प्रकार. तिथे ४६५ कामाला येतं, कारण ते बोलणं मध्ये कुणाला वाचताच येत नाही.

प्रश्न: नवीन नेटवर्कला जोडताना विंडोज ‘पब्लिक की प्रायव्हेट’ विचारतं. त्याचा काही संबंध?

असू शकतो. विंडोज आणि काही अँटिव्हायरस दोन्हींसाठी वेगवेगळे नियम ठेवतात. म्हणून बाहेरच्या नेटवर ‘पब्लिक’च निवडा, पण अँटिव्हायरसचा मेल तपासणारा भाग पाच मिनिटं बंद करून एकदा पाठवून बघा. गेला तर दोषी सापडला. नंतर तो पुन्हा सुरू करायला विसरू नका.

प्रश्न: ऑफिसात बसलं की जातो, बाहेर पडलं की ‘सर्व्हर सापडत नाही’.

तुमच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचं नाव ऑफिसपुरतं आहे: नुसतं ‘मेल’, किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता. तो ऑफिसच्या भिंतींबाहेर कुणालाच माहीत नाही. पूर्ण नाव घाला. मग कधीकधी उलटा त्रास होतो: पूर्ण नाव बाहेर चालतं आणि ऑफिसात चालत नाही, कारण ऑफिसचा राउटर स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्याकडे आतून परत वळू शकत नाही. तिथे नेटवर्क बघणाऱ्याने आतल्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) त्याच नावाला आतला पत्ता द्यायचा असतो. तुम्ही लॅपटॉपवर दोन-दोन खाती करून ठेवू नका.

प्रश्न: जिओवर मेल जायला फार वेळ लागतो, घरच्या केबल नेटवर चटकन जातो.

जिओचं मोबाइल नेटवर्क आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) देतं, अनेक केबल नेट फक्त आयपीव्ही४ देतात. होस्टिंगवाल्याने नावापुढे आयपीव्ही६ पत्ता नोंदवलाय पण मेलचा प्रोग्रॅम त्यावर ऐकतच नाही, असं असेल तर ॲप आधी तिकडे दार वाजवत बसतं आणि थकून दुसऱ्या पत्त्यावर येतं. तक्रार जिओकडे नाही, होस्टिंगवाल्याकडे करायची.

प्रश्न: साधा मेल जातो. अटॅचमेंट लावली की अडकतो, तेही या एकाच जोडणीवर.

दोन शक्यता. पहिली, वरच्या दिशेचा वेग. डाउनलोडचा वेग जाहिरातीत मोठा लिहिलेला असतो, अपलोडचा बारीक अक्षरात. फाइल मेलमध्ये बसवताना तिचा आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो, म्हणजे १८ एमबीची फाइल २४ एमबी होते. अर्ध्या एमबीपीएस अपलोडवर तिला सहा मिनिटांहून जास्त लागतात. जुन्या आउटलुकची वाट पाहायची मुदत मुळात एक मिनिटाची असते. ॲडव्हान्स्ड टॅबवर ती वाढवा. घाटात किंवा गावाला सिग्नलची एखादीच कांडी असेल तर मात्र ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवलेली बरी. सर्व्हरची मर्यादाही वाढलेल्या आकारावर मोजली जाते, हे विसरायला होतं.

दुसरी शक्यता जास्त चिवट आहे. फोन लाइनवरच्या किंवा फायबरच्या ज्या जोडणीला राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकावा लागतो, तिथे एका पॅकेटची (माहितीच्या एका तुकड्याची) मर्यादा १५०० ऐवजी १४९२ बाइट असते. मधल्या एखाद्या यंत्राने ‘पॅकेट लहान करा’ हा निरोप पोचू दिला नाही तर मोठी पॅकेटं वाटेतच हरवतात. छोटा मेल लहान पॅकेटांत जातो, मोठा कायमचा लटकतो. राउटरमध्ये एमटीयू (हीच पॅकेटची मर्यादा) १४९२ आहे का ते बघा. व्हीपीएनही लावत असाल तर १४०० करून पाहा.

प्रश्न: मुलाकडे अमेरिकेत आलोय. पुण्यातल्या ऑफिसचा मेल इथून जात नाही.

अमेरिकेत घरगुती जोडणीवर पोर्ट २५ बंद असणं नेहमीचंच आहे, कॉमकास्ट तर ते उघडपणे सांगते. म्हणून आधी ५८७. ते असूनही अडलं तर ऑफिसच्या सर्व्हरने परदेशी पत्त्यांवरून लॉगिन बंद ठेवलंय का हे विचारा. भारताबाहेरून हल्ले येतात म्हणून छोट्या कंपन्यांचे होस्टिंगवाले असं सर्रास करतात, आणि साहेब परदेशी गेल्यावरच ते कळतं. ऑफिसचं व्हीपीएन असेल तर ते लावा.

फुकटची व्हीपीएन ॲप मात्र टाळा. त्यांचे पत्ते हजारो लोक वापरतात, ते बऱ्याच ठिकाणी अडवलेले असतात. सकाळी न्यू जर्सी, दुपारी नेदरलँड्स असं दिसलं की तुमचं खातंच संशयाने बंद होण्याची भीती.

प्रश्न: पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, वेबमेल त्यानेच उघडतो. ॲप मात्र ‘५३५’, म्हणजे पासवर्ड नाकारला, म्हणतं.

गूगलने ३० मे २०२२ पासून साध्या खात्यांवर नेहमीचा पासवर्ड बाहेरच्या ॲपसाठी बंद केला. आउटलुक डॉट कॉमने १६ सप्टेंबर २०२४ ला तेच केलं. गूगलसाठी एकतर ॲपमधून ‘साइन इन विथ गूगल’ने खातं जोडा, नाहीतर दुहेरी पडताळणी सुरू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्या. आउटलुक डॉट कॉमसाठी पहिल्यासारखाच मार्ग उरलाय, म्हणजे ॲपमधून मायक्रोसॉफ्टच्या पानावर साइन इन करायचं. हा दोष जोडणीचा नाही. पण नवीन नेट घेतलं, त्यासोबत नवा लॅपटॉप घेतला, त्यावर खातं नव्याने जोडलं, अशा क्रमाने तो समोर येतो आणि आळ नेटवर जातो.

प्रश्न: ऑफिसचं नेट बदललं आणि स्कॅनरवरून मेल जाणं बंद झालं.

सीएची ऑफिसं, दवाखाने, हाउसिंग सोसायट्या, सगळीकडे हे ऐकू येतं. स्कॅनर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, टॅलीचं मशीन ही मंडळी एकदा लावली की कुणी त्यांच्याकडे बघत नाही. बसवणाऱ्याने पोर्ट २५ टाकून ठेवलेलं असतं, जुन्या नेटवाल्याने ते उघडं ठेवलेलं असतं, नवा ठेवत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये कधीकधी ऑफिसच्या स्थिर पत्त्यावर विश्वास ठेवून स्कॅनरला पासवर्डविना परवानगी दिलेली असते. नेट बदललं की पत्ता बदलला, परवानगी गेली. एसपीएफ नोंदीत जुना पत्ता असेल तर तोही बदलावा लागतो. म्हणून नेट बदलण्याआधी, बदलल्यानंतर नव्हे, जुना स्थिर पत्ता कुठे कुठे लिहिलाय त्याची यादी करा. फार जुन्या स्कॅनरला टीएलएस १.२ ही कुलपाची पद्धत येत नाही, त्याला मेलचा नाद सोडून फोल्डरमध्ये स्कॅन करायला लावा.

प्रश्न: एररचे आकडे थोडक्यात?

४ ने सुरू होणारे तात्पुरते, ५ ने सुरू होणारे पक्के नकार. ४२१, ४५०, ४५१ आले तर ॲप किंवा सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करेल, थांबा. ५३० म्हणजे आधी एन्क्रिप्शन किंवा लॉगिन करा. ५३४ आणि ५३५ पासवर्डचे. ५५० मध्ये ‘रिले’ शब्द असेल तर ऑथेंटिकेशनची चौकट रिकामी आहे, ‘युजर अननोन’ असेल तर समोरचा पत्ताच चुकलाय. ५५२ म्हणजे मेल जड झाला. ५५४ आला तर पूर्ण वाक्य वाचा, त्यात बहुधा अडवणाऱ्या यादीचं नाव असतं. आउटलुकचा ‘सीसीसी०ई’ने संपणारा लांबलचक आकडा सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही असं सांगतो, म्हणजे पोर्ट किंवा नाव तपासा.

प्रश्न: तक्रार करायची तर कुणाकडे आणि काय सांगून?

५८७ आणि ४६५ दोन्ही एका जोडणीवर बंद आणि हॉटस्पॉटवर उघडी असतील, आणि त्या जोडणीवर इतर मेल सर्व्हरची, उदाहरणार्थ जीमेलच्या एसएमटीपीची, तीच पोर्टंही बंद दिसत असतील, तर नेटवाल्याकडे. फक्त तुमचाच सर्व्हर बंद दिसत असेल तर होस्टिंगवाल्याकडे. ‘मेल जात नाही’ एवढंच सांगितलंत तर दोघेही ‘राउटर रीस्टार्ट करा’ म्हणतील. त्याऐवजी एवढं लिहून द्या: सर्व्हरचं पूर्ण नाव, पोर्ट, एन्क्रिप्शनचा प्रकार, त्या वेळचा तुमचा बाहेरचा आयपी पत्ता, प्रयत्नाची तारीख आणि वेळ, एररचं अक्षरशः वाक्य, आणि दुसऱ्या कुठल्या जोडणीवर तोच मेल गेला ते. होस्टिंगवाला परदेशातला असेल तर वेळेपुढे भारतीय वेळ असं लिहा, नाहीतर ते लॉगमध्ये भलत्याच तासात शोधत बसतात. पासवर्ड तक्रारीत लिहू नका, कुणी मागितला तरी.